मासा पाण्यात गुदमरला कसा?

माझ्या नातीच्या सातव्या वाढदिवसाला आमच्या घरी काचेचे एक गोल भांडे आणि त्यात दोन सोनेरी मासे आले. आणणारे तिचे वडील, म्हणजे माझे चिरंजीव. सौ. दोन दिवस नाराज होती. जीव कोंडून ठेवणे आपल्या घराला शोभत नाही, असे तिचे स्पष्ट मत. परंतु नातीचा आनंद पाहून ती निवळली आणि "आता आलेच आहेत, तर पाहुण्यांसारखे सांभाळू," असे म्हणून तिने त्यांचे पालकत्व स्वतःकडे घेतले.

चौथ्या दिवशी भांड्यातील पाणी गढूळ दिसू लागले. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, विहिरीचे पाणी आता मिळत नाही. तेव्हा सौ.ने मोठ्या मायेने एक गोष्ट केली. ती स्वतः जे पाणी पिते तेच, गाळलेले, उकळलेले आणि झाकून थंड केलेले, तिने त्या भांड्यात भरले. जुने पाणी सगळे काढून टाकले. घरात त्याहून शुद्ध पाणी नव्हते. संध्याकाळी पाहतो तो दोन्ही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत होते. आम्हाला वाटले, भूक लागली आहे. आम्ही आणखी खाद्य टाकले. सकाळी दोन्ही मासे पाण्यावर तरंगत होते.

चिरंजीव एवढेच म्हणाले, "गुदमरून मेलेले दिसतात." ते ऐकून नातीने मला विचारले, "आजोबा, मासा तर पाण्यातच राहतो ना? मग तो पाण्यात गुदमरला कसा?"

छत्तीस वर्षे बँकेत काढलेला, दुसऱ्यांच्या ताळेबंदातील चूक दहा मिनिटांत हुडकून काढणारा मी, त्या प्रश्नापुढे निरुत्तर झालो. सौ. देवघरात जाऊन बसली. ती त्या दिवशी जेवली नाही.

उत्तर शोधायला मला आठवडा लागला, आणि ते इतके साधे होते की लाज वाटली. मासा पाणी श्वासात घेत नाही. पाण्यात विरघळलेली हवा घेतो. तोंडाने घेतलेले पाणी कल्ल्यांवरून बाहेर जाते आणि जाता जाता कल्ल्यांतील रक्त त्यातील प्राणवायू टिपून घेते. हा प्राणवायू मुळात फार थोडा असतो. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम ६ मिलिलिटर. इतक्या तुटपुंज्या भांडवलावर माशाचा संसार चालतो! म्हणून त्याचे कल्लेही तसेच काटकसरी असतात. चांगल्या कल्ल्यांचा मासा पाण्यातील ऐंशी टक्क्यांपर्यंत प्राणवायू काढून घेऊ शकतो. आपण प्रत्येक श्वासातील जेमतेम चौथा हिस्सा वापरतो आणि उरलेला परत करतो.

पाणी उकळले की त्यात विरघळलेली हवा निघून जाते. झाकून निववलेल्या पाण्यात ती सावकाश परतते, आणि अरुंद तोंडाच्या गोल भांड्यात तर फारच सावकाश. पृष्ठभागाशी येऊन मासे तोंड उघडत होते ते भुकेने नव्हे. हवेला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात थोडा तरी प्राणवायू मिळावा म्हणून. त्यात आम्ही टाकलेले जादा खाद्य कुजू लागले, आणि कुजण्यालाही प्राणवायू लागतो. थोडक्यात, घरातील सर्वांत शुद्ध पाण्यात आणि सर्वांत दयाळू हातांनी ते मासे गेले. वस्तुतः सोनेरी मासा नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षे जगतो आणि वीतभर वाढतो. तसले गोल भांडे त्याच्यासाठी बनलेलेच नाही. ते पाहणाऱ्याच्या दिवाणखान्यासाठी बनलेले आहे.

इथे स्पष्ट करतो की उकळलेल्या पाण्याच्या आपल्या परिपाठाला मी नावे ठेवीत नाही. तो आपल्यासाठी आहे. माशाला तो लागू करण्यात चूक झाली, आणि ती चूक माशाची ओळख नसल्यामुळे झाली. आपल्या व्यापारी घरांतील मुलांना मासा दोनच प्रकारे ठाऊक असतो: न खाण्याची वस्तू म्हणून, किंवा काचेमागची शोभा म्हणून. तो जगतो कसा, त्याला काय हवे, काय नको, हे कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाच ते ठाऊक नसते. माझेच पाहा. नोकरीत असताना तीन वर्षे मी कोकणातील एका किनाऱ्यावरच्या शाखेत होतो. होड्यांची आणि जाळ्यांची कर्जप्रकरणे टेबलावरून जात. खातेदार कोळीणबाई काउंटरशी बसून भरती-ओहोटीच्या गोष्टी सांगत. मी मात्र नाकाला रुमाल लावून फक्त रकमा पाहत असे. समुद्र दीडशे पावलांवर होता. ती तीन वर्षे वाया घालवली याची रुखरुख मला आज आहे.

त्या पुढच्या मार्गशीर्षात मी पाठशाळेच्या ताईंना विनंती केली की रविवारी पाठ संपल्यावर पाऊण तास मला द्यावा. पहिली ते चौथीची चौदा मुले. कुणाचे घर कापडाचे, कुणाचे भांड्यांचे, कुणाचे भुसाराचे. पहिल्या दिवशी मी एवढेच सांगितले: पाण्यात राहणारे प्राणी काढा. चौदांपैकी अकरांनी देवमासा काढला, डोक्यावर कारंज्यासह. बाकीच्यांनी शार्क, आणि एका मुलीने जलपरी. बेडूक एकानेही काढला नव्हता, खेकडाही नाही. मुलांनी हजारो मैलांवरचे प्राणी मोबाइलवर पाहिले होते. गावाबाहेरच्या ओढ्यात काय आहे ते पाहिले नव्हते.

मी विचारले, "देवमासा मासा आहे का?" सगळे एकमुखाने "हो!" त्यांचा दोष नाही. आपली भाषाच तसे सांगते. देवमासा, तारामासा, इंग्रजीत स्टारफिश आणि जेलीफिश. पाण्यात जो दिसला त्याला पूर्वजांनी मासा म्हणून टाकले. देवमासा आपल्यासारखा फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. तारामाशाला ना मेंदू ना रक्त. जेलीफिश तर बहुतांशी पाणीच. चार वेगळ्या घराण्यांना एकच आडनाव लावल्यासारखे झाले आहे.

म्हणून मी ठरवले की चार महिने एकच प्रश्न विचारायचा: हा प्राणी श्वास कसा घेतो? नावे पाठ करायची नाहीत, लांबी-रुंदी पाठ करायची नाही. प्राणी दिसला की हा प्रश्न. लहान मुलाला प्राण्याचे नाव सांगितले की त्याचे कुतूहल बहुधा तिथेच संपते, असा माझा अनुभव आहे. प्रश्न दिला की ते वाढते.

पहिला प्रयोग स्वयंपाकघरातला. पाठशाळेशेजारच्या घरातून स्टीलचे पातेले आणले, त्यात पाणी घेतले आणि मंद आचेवर ठेवले. मुलांना दूर बसवले होते. पाणी उकळण्याच्या कितीतरी आधी पातेल्याच्या बुडाशी आणि कडेला मोहरीएवढे बुडबुडे जमू लागले. "हे काय?" कुणी म्हणाले वाफ, कुणी म्हणाले साबण. मी सांगितले, पाण्यात लपलेली हवा बाहेर निघते आहे. मासा जगतो तो हिच्यावर. मुले गप्प झाली. प्रत्येकाच्या घरी रोज सकाळी हे घडते आणि आजवर कुणी वाकून पाहिले नव्हते. त्यातली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे उकळलेल्या पाण्यात मासा ठेवायचा नाही?" माझी नात शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. मग तिनेच उठून सगळ्यांना दोन माशांची गोष्ट सांगितली. आजीचे नाव मात्र तिने घेतले नाही. "आमच्याकडून चूक झाली," असे म्हणाली.

पुढच्या रविवारी प्रत्येकाला एक लाल वही दिली, दुकानात असते तशी. डाव्या बाजूला 'पाण्यातच श्वास', उजव्या बाजूला 'वर येऊन श्वास'. मुले व्यापाऱ्यांची; दोन रकाने म्हटल्यावर त्यांना वेगळे शिकवावे लागले नाही. मासा, कोळंबी, खेकडा, समुद्रातला शंख हे डावीकडे गेले. देवमासा, डॉल्फिन, कासव, मगर, समुद्रसाप उजवीकडे. बसल्या जागी श्वास रोखून किती आकडे मोजता येतात ते पाहिले; कुणी वीस, कुणी तीस, एका पठ्ठ्याने चाळीस सांगितले, पण तो मधे नाकाने चोरून श्वास घेत होता हे सर्वांनी पाहिले. मग मी सांगितले की स्पर्म जातीचा देवमासा एका श्वासावर तासाहून अधिक काळ खोल पाण्यात राहतो. त्यावर जो निःश्वास निघाला तो कुठल्याही चित्रफितीने निघाला नसता, कारण छातीत कळ येणे म्हणजे काय ते मुलांनी नुकतेच अनुभवले होते.

भांडण लागले ते बेडकावरून. त्याचे शेपटीवाले पिल्लू कल्ल्यांनी श्वास घेते, मोठा झाला की फुप्फुसांनी, आणि शिवाय ओलसर कातडीतूनही. डावीकडे की उजवीकडे? मी म्हणालो, ज्या रकमेचे खाते ठरत नाही ती आपण कुठे ठेवतो? भुसारवाल्यांच्या मुलाने लगेच उत्तर दिले, "उचंत खात्यात!" वहीच्या शेवटच्या पानावर उचंत खाते उघडले गेले. बेडकानंतर त्यात निवटी आली. खाडीच्या चिखलात, खारफुटीच्या मुळांशी उड्या मारणारा हा मासा. अंग आणि तोंड ओले राहिले तर तो पाण्याबाहेरही कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून श्वास घेतो. निवटीबद्दल मला त्या कोळीणबाईंनी कधीतरी सांगितले होते. तेव्हा मी लक्ष दिले नव्हते; तरी नाव मनात राहिले होते. मुलांना उचंत खाते सर्वांत आवडले. निसर्गाची वही दोन रकान्यांत पुरी होत नाही, हे त्यांनी त्या पानावर परस्पर शिकून घेतले.

आपल्या पाठशाळेत एक साधन आयतेच असते, ते मी वापरायचे ठरवले. चोवीस तीर्थंकरांची लांछने मुलांना चित्रांवरून पाठ असतात. त्यांत पाण्यातले कोण कोण, असे विचारले. सुविधिनाथांचा मगर, मुनिसुव्रतांचे कासव, नेमिनाथांचा शंख. अरनाथांचे लांछन श्वेतांबर परंपरेत नंद्यावर्त आहे, तर दिगंबर परंपरेत मासा. वर्गात दोन्ही घरांची मुले होती, त्यामुळे तिथे थोडी खडाजंगी झाली. ताईंनी ती हसत मिटवली. मग नेहमीचा प्रश्न: मगर श्वास कसा घेतो? कासव? शंखापाशी मुले अडली. शंख ही पूजेत ठेवायची, फुंकायची वस्तू आहे, तो कुणाचे तरी घर होता, त्यात मऊ अंगाचा एक प्राणी राहत होता, हे चौदांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. वास्तविक जीवविचार शिकताना द्वींद्रिय जीवांच्या यादीत पहिल्या काही नावांत 'शंख' ते घडाघडा म्हणतात. शब्द आणि वस्तू यांची गाठ कुणी घालून दिली नव्हती.

त्याच दिवशी एका चौथीतल्या मुलाने मला पेचात पकडले. "काका, मासा पंचेंद्रिय. मग त्याचे कान कुठे आहेत?" मी एक आठवड्याची मुदत मागितली. कर्जदाराकडून मुदतवाढीचे अर्ज मी जन्मभर घेतले. स्वतः अर्ज करण्याची ही पहिलीच वेळ. पुढच्या रविवारी सांगितले: माशाचे कान कवटीच्या आत असतात, बाहेर पाळी नसते. त्या कानात चुन्याचा बारीक खडा असतो, आणि झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळे त्या खड्यात वाढत जातात. ती मोजून अभ्यासक माशाचे वय सांगतात. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ जाते. तिच्यात पाण्याची हालचाल टिपणारी इवली छिद्रे असतात. काचेवर टिचकी मारली तर मासा दचकतो तो यामुळे. शेजारच्या मॉलमधल्या काचेच्या टाकीवर टिचक्या मारणे आमच्या वर्गाने त्या दिवसापासून बंद केले. काहींनी तिथल्या अनोळखी मुलांनाही दटावले, अशी तक्रार एका आईकडून माझ्यापर्यंत आली.

आगमांत जलचरांच्या नावांत मत्स्य, कच्छप, ग्राह, मकर यांच्याबरोबर सुंसुमार येतो. अनेकजण त्याचा अर्थ डॉल्फिन असा लावतात. गंगेतल्या डॉल्फिनला तिथले लोक सूंस किंवा सुसू म्हणतात, आणि हे नाव तो वर येऊन श्वास सोडतो त्या आवाजावरून पडले असे सांगतात. म्हणजे ज्या कुणी हे नाव दिले त्याने आमच्याच प्रश्नापासून सुरुवात केली होती! २००९ साली केंद्र सरकारने याच प्राण्याला राष्ट्रीय जलचर म्हणून निवडले. त्याला जवळजवळ दिसत नाही. गढूळ पाण्यात तो स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट आणि भक्ष्य शोधतो. ही माहिती सांगताना वर्गातल्या दोघांनी डोळे मिटून टाळ्या वाजवीत भिंत शोधण्याचा प्रयोग केला. एकाला टेंगूळ आले. तेही सांगितले पाहिजे.

मोठ्या माणसांसाठी थोडे लिहितो, कारण हा अंक मुलांच्या आधी त्यांच्या हातात पडतो. जीवदयेच्या भावनेने तळ्यातल्या माशांना पाव, फरसाण, पिठाच्या गोळ्या घालण्याची आपल्याकडे हौस आहे. मासे खातात त्याहून अधिक तळाशी जाऊन कुजते, आणि आमच्या काचेच्या भांड्यात जे घडले तेच मोठ्या प्रमाणावर घडते. उन्हाळ्यात तर आधीच पाणी प्राणवायू कमी धरते. बर्फासारख्या गार पाण्यात जेवढा मावतो त्याच्या निम्म्याच्या आसपासच ३० अंशांच्या पाण्यात मावतो. शेवाळ माजलेल्या तळ्यात रात्री सगळी हिरवी वनस्पतीही प्राणवायूच खर्च करते. म्हणून मासे मरून तरंगताना दिसतात ते बहुधा पहाटे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन पाण्यात सोडण्याचा. हेतूबद्दल शंका घेणारा मी कोण? परंतु बाजारातल्या घमेल्यात तासन्‌तास जिवंत राहतो तो मासा बहुतेक वेळा हवेतून श्वास घेऊ शकणारा, मांगूर जातीचा असतो. आमच्या उचंत खात्यातला. त्यातला आफ्रिकी मांगूर फार खादाड आहे, आणि त्याच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे ती याच कारणाने. तो एकदा तळ्यात गेला की तिथले लहान देशी मासे फस्त करतो. दहा वाचवले म्हणून समाधान मानावे, तर त्यांच्या पोटात हजार जातात. शिवाय आपण व्यापारी माणसे. मागणी वाढली की पुरवठा वाढतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. दर पर्वाला गिऱ्हाईक येते हे कळल्यावर विकणारा अधिक पकडतो.

याउलट एक उदाहरण गुजरातचे आहे, आणि आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव तिकडचे. जगातला सर्वांत मोठा मासा, देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर येतो. कल्ल्यांनी श्वास घेणारा हा खराखुरा मासा. बारा मीटरपर्यंतचे सहज आढळतात, आणि खातो काय, तर पाण्यातले सूक्ष्म जीव. पिंपे बांधून त्याची शिकार करीत, म्हणून तिथले मच्छीमार त्याला 'बॅरल'च म्हणत. २००१ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने मोहीम चालवली. मोरारीबापूंनी तिला आपला आवाज दिला आणि माहेरी आलेल्या लेकीसारखी ही 'व्हाली', म्हणजे लाडकी, असे लोकांना सांगितले. पुढे मच्छीमारांनी जाळ्यात अडकलेल्या देवमुशीसाठी स्वतःची जाळी कापून तिला जागच्या जागी, तिच्याच समुद्रात मोकळे केले. जाळ्याची भरपाई वनखात्याकडून मिळते. ज्यांचे पोट मासळीवर आहे त्यांनी हे केले. ही गोष्ट ऐकताना वर्गात पूर्ण शांतता होती.

मार्चमध्ये परीक्षेच्या आधी आम्ही मुलांना आणि त्यांच्या पालकांना घेऊन वेळासला गेलो. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले हे गाव नाना फडणविसांचे गाव म्हणून प्रसिद्ध होतेच. आता ते कासवांचे गाव झाले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली तिथे काम सुरू केले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वळूनही न पाहता समुद्रात परतते. पूर्वी ती अंडी चोरीला जात किंवा कोल्हे-कुत्रे खात. आता गावकरीच ती सुरक्षित कुंपणात पुरून ठेवतात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले वर येतात. अंड्यातून नर निघणार की मादी, ते वाळूच्या उबेवर ठरते, हे ऐकून आमच्या गाडीतले दोन आजोबा दापोलीपर्यंत वाद घालत होते.

पहिल्या संध्याकाळी टोपली उचलली तर खाली काही नव्हते. मुलांचा विरस झाला. दुसऱ्या सकाळी मात्र नऊ पिल्ले होती, काळसर, तळहातात मावतील एवढी. दोरीच्या मागे सगळे उभे राहिलो. पिल्ले ओल्या वाळूवरून समुद्राकडे निघाली. एकाला लाटेने उलथेपालथे करून मागे फेकले. ते पुन्हा निघाले, पुन्हा फेकले गेले. माझी नात रडकुंडीला आली. "काका, त्याला उचलून पाण्यात ठेवा ना!" कार्यकर्ता शांतपणे म्हणाला, "चालू दे त्याला. याच वाळूची खूण घेऊन ते जातंय." मोठी झालेली मादी आपण जन्मलो त्याच किनारपट्टीवर अंडी घालायला परतते असे अभ्यासकांना आढळले आहे, आणि ही चाल त्या ओळखीचा भाग असावी असे मानतात. २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवले. तिचे नाव 'प्रथमा' ठेवले. हजारात एखादेच पिल्लू मोठे होते, हेही त्याने मुलांपासून लपवले नाही. तिसऱ्या लाटेने ते पिल्लू घेतले. नात बराच वेळ पाण्याकडे पाहत होती. मग तिने विचारले ते आपल्या वहीतलेच: "ते आता वर कधी येईल, श्वास घ्यायला?"

या सहलीचा एक परिणाम मात्र मी कल्पिला नव्हता. भांडीवाल्यांच्या मुलाच्या घरी टाकीत एक कासव होते. कानाजवळ लाल पट्टा असलेले, दुकानातून आणले तेव्हा पाच रुपयांच्या नाण्याएवढे, आता बशीएवढे. वेळासचे दृश्य पाहून त्याच्या वडिलांचे मन हेलावले. त्यांनी ठरवले की महावीर जन्मकल्याणकाच्या दिवशी या कासवालाही मुक्त करायचे. गावच्या तलावावर पाच-पन्नास मंडळींना बोलावणेही गेले. शनिवारी रात्री मुलाने मला फोन केला. "काका, आमचं कासव इथलं आहे का?"

नव्हते. ही जात अमेरिकेच्या दक्षिण भागातली. जगभर पाळण्यासाठी विकली जाते, मोठी झाली की लोक तळ्यांत सोडतात, आणि ती तिथल्या कासवांचे अन्न आणि उन्हाला बसण्याची जागा बळकावते. जगातील शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत तिचे नाव आहे. मी रविवारी त्यांच्या घरी गेलो आणि हे सगळे सांगितले. मुलाचे वडील सज्जन गृहस्थ. परंतु बोलावणी गेलेली, आणि माझे म्हणणे त्यांना पुस्तकी वाटले. "जीव मोकळा करण्यात पाप कसले?" या त्यांच्या प्रश्नावर माझ्याजवळ आकडे होते, उत्तर नव्हते.

उत्तर मुलाने दिले. तो आजीकडे वळून म्हणाला, "आजी, तू पाणी गाळल्यावर गळण्यातले जीव कुठे सोडायचीस?" आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या तरुणपणी वाड्यात विहीर होती. त्या म्हणाल्या, "कुठे म्हणजे? ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत. नदीचं असलं तर नदीत. दुसरीकडे ओतायचं नाही, नाहीतर ते जीव मरतात, आणि तिथलेही मरतात." कुणी तिला जिवाणी म्हणते, कुणी संखारा, आपल्या बहुतेक घरांतून हा रिवाज आता नळाबरोबर वाहून गेला आहे. मुलगा वडिलांना म्हणाला, "मग आपल्या कासवाची विहीर अमेरिकेत आहे."

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी मोबाइल उचलून मंडळींना कळवायला सुरुवात केली की कार्यक्रम रद्द आहे.

ते कासव आज त्यांच्या गच्चीवर आहे. जुन्या टाकीच्या जागी सिमेंटचे चार फुटी हौद बांधले आहे, त्यात निम्मे पाणी आणि मधे उन्हाला बसायला एक सपाट दगड. नळाचे पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवतात, मगच हौदात ओततात. हात लावल्यावर साबणाने धुण्याचा नियम भिंतीवर खडूने लिहिला आहे. ही जात तीस वर्षांपर्यंत जगते असे मी सांगितले तेव्हा मुलाच्या आईने कपाळाला हात लावला. मुलाने लाल वही काढून उजव्या रकान्यात त्याची नोंद केली आणि पुढे, देणेकऱ्यांच्या यादीत करतात तसे, स्वतःचे नाव लिहिले.